टमाटर आणि पालक

गाडीच्या वायरिंगमधलं कळणारा अख्ख्या नागपुरात एकच माणूस आहे आणि तो आपण आहोत, अशी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांची खात्री आहे. ही खात्री त्यांनी कुणावर लादलेली नाही. लोकांनीच कंटाळून मान्य केली आहे. महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत कुणाची गाडी सुरू होईना झाली की मामा पांढराशुभ्र शर्ट घालून हजर होतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि नाडी पाहावी तसे डोळे मिटतात. गाडीचा मालक तोवर मेकॅनिकला फोन लावत असतो. शर्ट पांढराच का, असं मी एकदा विचारलं होतं. "रंगाचे नखरे आपल्याले जमत नाही, जवाईबापू," एवढंच उत्तर मिळालं.

रंगाचा त्यांना एकूणच तिटकारा. संत्री घ्यायला गेले की एकेक संत्रं हुंगतात, तळहातावर तोलतात आणि रंग पाहून निवडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दयेने बघतात. तरुणपणी ते इंजिन ड्रायव्हर व्हायला निघाले होते, डॉक्टरी तपासणीपर्यंत पोचलेही होते. पण "रेल्वेले मीच नाही म्हटलं," असं ते सांगतात. रेल्वेने हा धक्का कसा सोसला, याबद्दल ते बोलत नाहीत.

स्वतःच्या म्हाताऱ्या गाडीला मात्र त्यांनी दुसऱ्याचा हात लागू दिलेला नाही. मामा डॅशबोर्डखाली उताणे, पाय दाराबाहेर, आणि शेजारी स्टुलावर मेथी निवडत बसलेल्या मामी, असं ते ऑपरेशन चाले. आतून हुकूम येई, "टमाटर दे." मामी लाल वायर हातात ठेवत. "आता पालक." हिरवी जाई. साधे रंग सोडून ही भाजीबाजारातली परिभाषा कशाला, हे मला कळेना. प्रत्येक मोठ्या विद्येला आपली गुप्त भाषा लागतेच, अशी मी समजूत करून घेतली होती.

यंदा मामी लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने पुण्याला गेल्या. त्या परतायच्या आठवड्यात उंदराने डॅशबोर्डखालच्या दोन वायरी कुरतडल्या. मामांनी त्या एकट्याने जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि पुण्याला फोन करून उंदराचा प्रताप सांगितला आणि कळवलं की गाडी आता टकाटक आहे, स्टेशनवर मीच येतो. मामी बाहेरगावाहून आल्या आणि मामा गाडी घेऊन गेले नाहीत, असं आजवर घडलेलं नाही.

त्या दिवसापासून ब्रेक दाबला की हॉर्न वाजू लागला आणि हॉर्न दाबला की मागचे ब्रेकचे दिवे लागू लागले. नागपूरच्या रस्त्यांवर हे दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. मामी येण्याच्या दिवशी सकाळी मात्र मामांनी मला बोलावून घेतलं. मामींची रेल्वे दुपारी चारला यायची होती.

मेकॅनिकला बोलवू या, असं मी म्हणालो.

"काहून? मी मेलो का?" मामा म्हणाले.

मग तपास सुरू झाला. बॅटरीवर संशय घेतला गेला. फ्यूज एकेक काढून, फुंकर मारून परत बसवले गेले. कारखान्याने मुळातच कशी चूक करून ठेवली असावी, यावर एक व्याख्यान झालं. फक्त स्वतःची काळी टेप संशयाच्या पलीकडे होती. एक वाजला तेव्हा नाइलाजाने त्यांनी तीही सोडवली आणि माझ्या हातातल्या टॉर्चचा उजेड तिथे पडला.

लाल वायर हिरवीला जोडलेली होती आणि हिरवी लालला. शाळेतल्या पोराला दिसलं असतं. मामा आता कपाळावर हात मारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी जोड डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, परत जवळ आणला.

"जोड तर पक्का आहे," ते म्हणाले. "मंग कुठं चुकून राहिलं हे?"

पांढरे शर्ट, संत्री, रेल्वे, सगळं माझ्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं. टॉर्च मी हलू दिला नाही. वायर सोडून बल्ब लावून पाहावा का, एवढंच विचारलं. बल्बला दोन वायरी जोडून केलेला तो दिवा मामांचा लाडका. वायरीत वीज आली की पेटतो, नाही तर नाही. बाकी कशाशी त्याला देणंघेणं नसतं.

मामांचा चेहरा उजळला. दोन्ही जोड सोडून त्यांनी मला ब्रेक दाबायला सांगितलं, मग हॉर्न, आणि बल्ब पेटेल तसं एकेक टोक ओळखत गेले. वीस मिनिटांत काम झालं. "रंग पाहून काम करणारे फसते, जवाईबापू," हात पुसत ते म्हणाले. मी हो म्हटलं.

चार वाजता मामी उतरल्या. गाडीत बसताच त्यांनी उंदराची चौकशी केली.

"दोनच वायरी खाल्ल्या. जोडल्या मी," मामा म्हणाले.

मामींनी वळून मागच्या सीटवर माझ्याकडे पाहिलं. मामांनी बल्ब लावून सगळं बरोबर शोधलं, असं मी सांगितलं. मामी पुढे वळल्या.

पहिल्या चौकात सिग्नलला मामांनी ब्रेक दाबला. गाडी निमूट थांबली. सिग्नलला मामी उगाच घाई करतात, मामांना गाडीतसुद्धा हुकूम सोडतात, असं मला इतकी वर्षं वाटत आलेलं होतं. वरचा दिवा कोणता आणि खालचा कोणता, हे मामांना पाठ असणारच. तरी खालचा हिरवा दिवा लागला तेव्हा मामी खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "चला."

मामांनी गाडी पुढे काढली.