वाकड्या कॉलरचं गिऱ्हाईक

सख्ख्या मेहुण्याकडूनही आगाऊ पैसे घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा हा शहाणा शिंपी! ऑनलाइन लिलावात मात्र हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. त्याच्या जुन्या शिलाई मशीनला कुणा अनोळखी माणसाने चाळीस हजारांची बोली लावली. त्या माणसाच्या फोटोतल्या कोटाची वाकडी कॉलर बघून शिंपी पोट धरून हसला. एवढी बोली बघून बाकीची गिऱ्हाइकं पांगली. शेवटच्या मिनिटाला त्या अनोळखी माणसाने बोली मागे घेतली आणि नियमाप्रमाणे मशीन त्याच्या खालोखाल बोली लावलेल्या दोन हजारवाल्याला द्यावं लागलं.

दोन हजारवाला मशीन न्यायला आला, तेव्हा दुसरी बाजू उचलायला तोच वाकड्या कॉलरचा कोट सोबत होता.

"अगं, हाच तो! दोघं मिळालेले आहेत!" शिंपी ओरडला.

"कॉलर बरी ओळखलीत," बायको म्हणाली. "आता दार धरा, त्यांना अवघडतंय."