चार दिवसांचा प्रभारी

शिक्क्याच्या शाईचा वास आला की पवनानगरची शाळा आठवते. मुख्याध्यापक रजेवर गेले आणि चार दिवसांसाठी मी प्रभारी झालो. दहावी झालेल्या एका मुलीच्या दाखल्यावर मी झोकात सही ठोकली, ‘प्रभारी’ हा शब्द मात्र ऐटीत गाळला. वसतिगृहाच्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तिचे वडील धापा टाकत आले. “गुरुजी, लोणावळ्यात म्हणत्यात, ही सही मुख्याध्यापकांची न्हाई! पोरगी तितंच हुबी हाय. पाचला खिडकी बंद झाली की जागा गेली!” जीपच्या मागे लोंबकळत मी पोचलो, तोवर खिडकी बंद. “मी प्रभारी आहे हो, नुसता प्रभारी!” मी फळी बडवत ओरडलो. मुलगी हळूच म्हणाली, “मग लिवायला काय झालं हुतं, गुरुजी?” बाकीच्या फजित्या मी आजही रंगवून सांगतो, ही ऐकून कुणी हसलं, तर मीच उठून जातो.