शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरीणबाईंना आपल्या गाडीत घेऊन जायला कुणी फारसं राजी नसतं. एरवी बाई गप्पिष्ट, सोबतीला झकास. पण पुढे जरा काही आडवं आलं की त्यांचा पाय जमिनीवर दाणकन आपटतो. तिथे ब्रेक नसतो. त्यांच्या स्वतःच्या गाडीत असतो, कारण ती गाडी शिकाऊ लोकांची आहे आणि शेजारच्या सीटच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक बसवलेला आहे. सगळा जन्म त्या ब्रेकवर पाय ठेवून गेला. त्यामुळे बसमध्ये, टॅक्सीत, अगदी सिनेमातल्या गाडीलासुद्धा बाई ब्रेक मारतात. नवरा म्हणतो, "आमच्या घरातली फरशी एकाच जागी झिजलीय, टीव्हीसमोर."

गाडी शिकवायची त्यांची रीत ठरलेली. नवख्या माणसाला आधी बंद कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर न्यायचं, मग गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर. आपण स्टिअरिंगला हात लावायचा नाही. चूक झाली तर भर रस्त्यात ओरडायचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, पाणी प्यायला द्यायचं आणि मग बोलायचं. आरडाओरडा केला की माणूस रस्त्याकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. परक्यांच्या बाबतीत बाईंनी ही रीत कधी मोडली नाही. मोडली ती पोटच्या पोरीच्या बाबतीत.

या सगळ्याची सुरुवात केली त्यांच्या दिराने. हा टुणीचा काका. टुणी म्हणजे बाईंची मुलगी. लहानपणी चालायच्या ऐवजी टुणटुण उड्या मारायची म्हणून हे नाव पडलं, आणि आता चौदावं लागलं तरी चिकटून आहे. काका फर्निचरच्या मोठ्या दुकानात विक्रीला. माणूस मनाने लोण्यासारखा, पण ना जिभेला विसावा ना फोनला. त्याने एके दिवशी पुतणीला कोरा करकरीत फोन आणून दिला. का, तर परीक्षेत चांगले गुण मिळाले. आता असला फोन पोरीच्या हातात द्यायचा तर तिच्या आईला एका शब्दाने विचारावं की नाही? शेजाऱ्याच्या पोराला कुणी गाडीची किल्ली देऊन "जा, फिरवून आण" म्हणतं का? बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पोरीचा उजळलेला चेहरा बघितला आणि त्यांनी राग गिळला.

फोन काढून घ्यायचा नाही, शिकवायचा, असं त्यांनी ठरवलं. रविवारी सगळ्यांना जेवणाच्या टेबलापाशी बसवलं. नवरा होता. तो दवाखान्यात एक्स-रे काढतो. दिवसभर "श्वास रोखा, सोडा" एवढंच बोलत असल्यामुळे घरीही फार बोलत नाही. काका तर होताच. टुणीच्या शेजारी बसून बाईंनी तिचं खातं तिच्याच हातांनी उघडायला लावलं. फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असं करून घेतलं. शाळेच्या गणवेशातला फोटो टाकायचा नाही, कुठे जातो, कधी जातो ते लिहायचं नाही, अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही. आणि शेवटचं बाईंनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "काही विचित्र वाटलं तर आधी मला सांगायचं. मी रागावणार नाही. शब्द देते."

सगळ्यात लांबलचक उपदेश कुणी केला असेल? काकाने. जग कसं वाईट आहे, लोक कसे टपलेले असतात, हे त्याने हातवारे करकरून सांगितलं. टुणी मान डोलवत ऐकत होती. मध्येच ती म्हणाली, "काका, मग तुम्ही माझे फोटो टाकता ते?"

"अगं, मी काय परका आहे?" काका हसला. बाकीचेही हसले. बाईही हसल्या.

पुढे बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. शाळा, मंगळवारी पोहण्याचा तलाव, तिथून काकाने घरी आणणं. पोरगी शहाणी. सांगितलेला एकेक नियम डोळ्यांत तेल घालून पाळत होती. संध्याकाळी आईच्या शेजारी बसून काय आलं, काय गेलं ते दाखवायची, आणि दोघी मिळून कुणाच्या तरी मांजराचे व्हिडिओ बघून हसायच्या. आपण हेही शिकवलं, असं वाटून बाईंची छाती फुगली होती.

मग एका दुपारी बाई शिकवणी संपवून आल्या, तर टुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने फोन पुढे केला. कुणा अनोळखी माणसाचा मेसेज होता. त्याने लिहिलं होतं की मंगळवारी तलावावर पोहून आल्यावर निळ्या टोपीत तू छान दिसतेस, मागच्या गेटपाशी एकटी उभी असतेस, पुढच्या वेळी मी सोडू का घरी.

बाईंचा पाय फरशीवर आपटला. पण या वेळी नुसता पाय नव्हता. त्यांनी पोरीच्या हातातून फोन हिसकावला, मेसेज उडवला, त्या माणसाचं नाव उडवलं, मग पोरीचं अख्खं खातंच उडवून टाकलं आणि फोन बंद करून कपाटात कोंबला. टुणी बघतच राहिली. ती काहीतरी सांगू बघत होती, पण ऐकायला होतं कोण?

संध्याकाळी दोन्ही पुरुष आले आणि घराचं न्यायालय झालं. बापाने विचारलं, "त्याला कसं कळलं तू कुठे जातेस? तूच कुणाला तरी सांगितलं असशील." काका म्हणाला, "हल्लीच्या पोरी, कुणाशीही बोलतात." आणि बाई? ज्यांनी शब्द दिला होता त्या बाई म्हणाल्या, "एवढं शिकवून शेवटी हेच केलंस ना?"

मला सांगा, चूक कुणाची, आणि उलटतपासणी कुणाची? जी पोरगी सांगायला आली, तिलाच पिंजऱ्यात उभं केलं. टुणी एवढंच म्हणाली, "मी कुणालाच काही सांगितलं नाही." मग ती आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी बाई पोलिसांकडे गेल्या. टेबलापलीकडच्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेसेज दाखवा." मेसेज कुठला दाखवणार? "त्याचं नाव?" नाव धड आठवेना. साहेब म्हणाले, "खातं उडवायच्या आधी यायचं होतं. निदान मेसेजचा फोटो तरी काढून ठेवायचात." बाई खाली मान घालून बाहेर पडल्या. आपल्या हातांनी आपण त्या नराधमाची वाट साफ करून दिली, हे त्यांना पायऱ्या उतरताना उमगलं.

आणि घरात टुणीने तोंडाला कुलूप लावलं होतं. शाळेत काय झालं? काही नाही. डब्यात काय देऊ? काहीही. फोन परत हवा का? नको. ही गोष्ट बाईंना पोलिसांपेक्षा जास्त टोचली. आज एकाने मेसेज पाठवला, उद्या दुसरा पाठवेल. पण पोरगी आता तो दाखवायला येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. मेसेज कसले, उद्या रस्त्यात कुणी हात धरला तरी ती सांगणार नाही.

त्याच आठवड्यात त्यांची एक शिकाऊ, बाजारातली फुलवाली, लायसन्सच्या परीक्षेत नापास होऊन आली. चौकात गाडी थांबवायची होती, ती थांबलीच नाही. बाई चकित झाल्या. "अगं, शिकताना तर तू अगदी वेळेवर थांबवायचीस."

फुलवाली ओशाळली. "बाई, राग मानू नका, पण तुमचाच पाय आधी पडायचा. मला वाटायचं मीच थांबवतेय. तिथं तुम्ही नव्हता, तेव्हा कळलं."

बाई फुलवालीकडून पुढच्या शिकवणीचे पैसे घेणार नाही म्हणाल्या आणि तिला तशीच पाठवून दिली. मग बराच वेळ त्या उभ्या गाडीत, ब्रेकवरून पाय काढून बसून राहिल्या.

मंगळवार आला. टुणीला तलावावरून आणायला काकाऐवजी बाई स्वतः गेल्या. मागच्या गेटपाशी गाडी लावून वाट बघताना त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. पोरीने सांगितलं नाही, मग त्याला गेट कळलं कुठून? निळी टोपी कळली कुठून? रविवारच्या बैठकीत सगळे हसले होते ते त्यांना आठवलं. त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि दिराचं पान उघडलं.

तिथे टुणीच टुणी होती. टुणी केक खाताना, टुणी तापाने झोपलेली, टुणी गणवेशात, शाळेचं नाव झळकतंय. आणि निळ्या टोपीतली, ओल्या केसांची टुणी, पाठीमागे हेच गेट. खाली काकाने प्रेमाने लिहिलेलं: आमची जलपरी, दर मंगळवारी मागच्या गेटपाशी काकाची वाट बघते, आणि काकाला नेहमीच उशीर होतो. कुणीही बघावं, कुणीही वाचावं. बघणाऱ्यांत तो मेसेजवालाही होता. त्याचं नाव दिसताच बाईंना लख्ख आठवलं. त्याने लिहिलं होतं, "फारच गोड." त्याच्या वरच एक लाल बदाम होता. तो कुणी दिला होता? मास्तरीणबाईंनी.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या तडक दिराला बोलावूनच बसल्या. टेबलापाशी पुन्हा सगळे जमले. या वेळी पाठीशी घातलं कुणालाच नाही.

"भाऊजी, पोरीला रस्ता चुकू नको म्हणून आपण सांगत बसलो, आणि तिचा पत्ता तुम्ही चौकात लावलात."

काकाचा चेहरा उतरला. "वहिनी, मी प्रेमापोटी..."

"प्रेमापोटीच. मीही प्रेमापोटीच बदाम दिला. तिच्या बाबांनीही प्रेमापोटीच तिला गुन्हेगार ठरवलं. तुमच्या या प्रेमाचं तिने करायचं काय?"

"मी सांगितलं होतं," टुणी दारातून म्हणाली. इतक्या दिवसांत तिचं हे पहिलंच वाक्य. "काकांना किती वेळा सांगितलं फोटो काढून टाका म्हणून. ते म्हणाले, लाजतेस काय."

नवऱ्याने चष्मा काढून पुसायला घेतला. काका मान वर करेना. बाईंनी रागाच्या भरात दिराचा फोन ओढला आणि तो फोटो उडवायला बोट टेकवणार, तेवढ्यात टुणी पुढे आली.

"आई, थांब. आधी त्याने लिहिलंय त्याचा फोटो काढ. परत उडवून टाकशील."

बाईंचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी फोन पोरीपुढे सरकवला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. टुणीने त्या माणसाचं नाव, त्याचं बोलणं, सगळं नीट साठवून घेतलं. मग फोन काकाला परत दिला. "आता तुम्ही फोटो काढून टाका. एकेक करून. मी सांगते कुठला राहील."

काका तासभर फोटो काढून टाकत होता. अधूनमधून "हा तरी?" असं विचारायचा, आणि टुणी मान हलवायची. राहिला तो एकच: काकाच्या खांद्यावर बसलेली एवढीशी टुणी, पाठमोरी. काकाचे डोळे भरून आले. येऊ देत. कुणीही त्याची समजूत काढली नाही.

तक्रार या वेळी लिहून घेतली गेली. त्या माणसाचं खातं बंद झालं. तो कोण होता, याचा शोध म्हणे चालू आहे. म्हणे. तोवर कुठल्या गेटपाशी उभं राहायचं याचा हिशेब पोरींनी ठेवायचा, आणि तो मात्र मोकळा. टुणी आता पुढच्या गेटने बाहेर येते आणि काका वेळेच्या आधी जाऊन आत बाकावर बसतो. फोन खिशातच ठेवतो.

बाईंनी टुणीची माफी मागितली, सरळ शब्दांत, गाडी बाजूला घेऊन, पाणी प्यायला देऊन. टुणी पाणी प्यायली. ती बरं म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. फोन तिने काही दिवसांनी आपणहून मागितला. नवीन खातं तिने एकटीनेच उघडलं. बाईंनी विचारलं नाही. विचारायला जीभ वळवळायची, पण त्यांनी दात आवळून धरले होते.

परवा शिकवणी आटोपल्यावर दोघी मैदानावर उभ्या गाडीत बसल्या होत्या. टुणी गंमत म्हणून चालकाच्या सीटवर, बाई नेहमीच्या जागी. टुणीचा फोन वाजला. तिने बघितलं, तिच्या कपाळाला आठी पडली. बाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"आई," टुणी म्हणाली, "हे बघ ना. हा कोण आहे मला माहीत नाही."

फोन बाईंच्या समोर होता. पाय गेलाच खाली, ब्रेक तळाला टेकला. त्याला काही इलाज नाही. पण हात मांडीवरून हलले नाहीत.

"बरं," बाई म्हणाल्या. "तुला काय करावंसं वाटतं?"

टुणी थोडी सरकून बसली आणि सांगायला लागली.