डीपीखालच्या चपला

पुण्यातल्या ज्या कंपनीच्या भरवशावर मी नोकरी सोडून धामणगाव बढ्याला परत आलो होतो, तिने एका सकाळी दोन ओळींचा मेल टाकून माझं काम बंद केलं. मजकूर लिहून देणं हा माझा धंदा आणि गिऱ्हाईक एकच, हा माझा शहाणपणा. जुन्या साहेबांनी परत बोलावलं होतं. महिनाअखेरपर्यंत नवी कामं मिळाली नाहीत तर बॅग भरायची, असं मी ठरवून टाकलं.

मग मेल पाठवत सुटलो. मसालेवाले, शिकवणीवाले, हॉटेलवाले, कुणालाही सोडलं नाही. उत्तर एकाचंही नाही. घरात तर माझ्या बसण्याला काम म्हणायला कुणी तयार नव्हतं. वडील वांग्यांच्या वाफ्यातून यायचे, मला लॅपटॉपपुढे बघायचे आणि म्हणायचे, "रिकामाच हायेस त मोटर चालू करून ये." मी चिडायचो आणि जायचो.

त्यात गावचे लाइनमन निवृत्त होणार होते. सत्कारासाठी मानपत्र हवं होतं, ते मी लिहीन असं वडिलांनी परस्पर सांगून टाकलं. मी तासाभरात 'सेवाव्रती', 'कर्तव्यदक्ष', 'मनमिळाऊ' असे सगळे ठेवणीतले शब्द ओतले आणि लाइनमनच्या बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे कोनाबद्दल लिहेल हाय?" तिने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी लाइनमनच्या मागे मागे हिंडलो. पहिल्याच डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीपाशी, त्यांनी दांडा पाडून लाइन बंद केली, पिशवीतले बूट काढून घातले आणि पायातल्या चपला पेटीखाली जोडीने ठेवल्या. मग शे-दीडशे पावलांवरच्या खांबावर चढले. मी डीपीपाशीच थांबलो.

आमच्याकडे लाइट गेली की जो तो दांडा वर करायला स्वतःच धावतो. तसाच एक शेतकरी तणतणत आला. लाइनमनने मागे त्याचा तारेवरचा वीजचोरीचा आकडा काढला होता, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. त्याने पेटीकडे हात नेला, खाली पाहिलं आणि हात मागे घेतला.

"वर हायेत," एवढंच म्हणाला आणि बाजूला उकिडवा बसून राहिला.

मी थक्क झालो. पेटीला कुलूप नाही, पाटी नाही. नोकरीभर हा माणूस एका चपलांच्या जोडीवर जीव टाकून तारेला हात घालत आला होता. रोज कुणाचं तरी कुणाशी वाजणाऱ्या या गावाने ती जोडी एकदाही ओलांडली नव्हती. मी इथेच वाढलो आणि मला ते कधी दिसलंच नव्हतं.

मानपत्रात मी तेवढंच लिहिलं. मंडपात ते वाचून दाखवलं. लाइनमन मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होते, आणि मागच्या रांगेत तो आकडेवाला शेतकरी डोळे पुसत होता. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. त्याच दुपारी मोताळ्याचा एक बियाणंवाला दुकानाबद्दल लिहून द्याल का म्हणून आला, मागोमाग एक मुख्याध्यापिका शाळेच्या पुस्तिकेसाठी आली. रोहिणखेडहून आलेल्या एका बाईंना आपल्या वडिलांवर लिहून हवं होतं. मी कुणाला काही विचारलंही नव्हतं.

जुन्या साहेबांना नकार कळवला आणि दुसऱ्या सकाळी बियाणंवाल्याचं काम घेऊन बसलो. वडिलांची पावलं दारापर्यंत आलेली ऐकली. आता मोटर, म्हणून मी उठायच्या बेतात होतो. पावलं थोडी रेंगाळली आणि परत गेली. जरा वेळाने विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन पाहिलं तर अंगणात कुठेतरी भिरकावलेल्या माझ्या चपला उंबऱ्याशी जोडीने लावलेल्या होत्या. मी आईकडे बघितलं.

"तुह्या बाबानं ठेवल्या," ती म्हणाली. "कोनी आवाज देऊ नका म्हने त्याले, वर हाय तो."