कव्हरमधली पुडी

धाकट्या भावाने पुण्यातली नोकरी सोडून पाटोद्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर बँक जोडायला घेतल्या होत्या. वायर नसलेल्या, चुंबकाने फोनच्या पाठीला चिकटून चार्ज करणाऱ्या. इथल्या बाजारात त्यांना कुणी विचारत नव्हतं. विचारलं ते मोम्बासाच्या एका घाऊक व्यापाऱ्याने. तिथे मोटारसायकलवर प्रवासी नेणारे पुष्कळ, फोन दिवसभर हँडलवर. त्याला व्हिडिओ हवा होता: पॉवर बँक हँडलला बांधलेली, फोन नुसत्या चुंबकावर, रस्ता खराब. हे गिऱ्हाईक गेलं तर शेड बंद करून पुण्याला परतायचं, असं घरात ठरलं होतं.

नेकनूरच्या बाजूचा उखडलेला रस्ता निवडला. भाऊ गाडीवर, मी मागे बसून चित्रीकरण करत होतो. पहिल्याच खड्ड्यात फोन सुटून मातीत पडला.

भावाने कव्हर काढलं. आत अंगाऱ्याची पुडी होती. चांगल्या कामाला निघताना आई ती देते. खिशातून पडते म्हणून या वेळी तिने कव्हरमध्ये सरकवली होती. फोनच्या पाठीला धातूची कडी, तिच्यावर पुडी, मग कव्हर. चुंबकाची पकड तेवढ्याने गेली. पुडी काढून त्याच खड्ड्यातून पुन्हा गेलो. फोन हलला नाही.

शेडमध्ये परतल्यावर पडल्याचा व्हिडिओ पुसून टाकू का, असं मी विचारलं. भाऊ दोन-तीन येरझारा घालून थांबला.

"त्येच्या गिऱ्हाइकानं कव्हरमदी काय ठिवलं तं? सगळा माल वापस येईल, दादा."

दोन्ही व्हिडिओ व्यापाऱ्याला पाठवले. नंतर भाऊ बसला नाही. रस्त्यावर जाई, परत येई, फोन उघडी, चहा तसाच राही. संध्याकाळी उत्तर आलं. ऑर्डर नव्हती. तिथलेही लोक कव्हरमध्ये नोटा, कार्डं ठेवतात. तरी पकड टिकेल असा नमुना पाठवा, मग बोलू, एवढंच.

भावाने लगेच जाड चुंबकांचा डबा उघडला. आई दारात उभी होती. काय बिघडलं ते तिला सांगून झालं होतं.

"पुडी खिशात ठिव मग," ती म्हणाली. "पर ठिव."

"न्हाई आई. आता ती कव्हरमदीच लागती."

त्याने पुडी पुन्हा कव्हरमध्ये घातली आणि पहिला चुंबक पॉवर बँकेला लावून, फोन खाली लटकेल अशी ती उलटी धरली. फोन पडला. त्याने दुसरा चुंबक घेतला.