हालीचा भरवसा

आमच्या परभणीच्या खजिनदारसाहेबांइतका हळू चालत इतका वर पोचलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. तालुक्याच्या खजिन्यात ते दारावरचे शिपाई म्हणून लागले. दफ्तर सगळं उर्दूत, तर यांनी रद्दीतल्या लिफाफ्यांवरचे पत्ते वाचून उर्दू शिकून घेतली. त्यामुळे त्यांची उर्दू कायम पत्त्याच्या थाटाची. आधी समोरच्याचे सगळे किताब, मग त्याचं गाव, आणि काम सांगायचं राहूनच जायचं. पुढे ते नाण्यांचे पारखी झाले. नुसत्या आवाजावरून रुपया ओळखत. एका लग्नात आहेराच्या ताटात रुपया वाजला आणि जिलबीचा घास हातातच धरून ते हळूच म्हणाले, "ह्यो खोटा हाय." नवरदेवाच्या मामाने पुढे वर्षभर त्यांच्याकडे पाहिलं नाही. पारख्याचे कारकून, कारकुनाचे जिल्ह्याचे खजिनदार. मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि त्यांच्या वहाणा वाजल्या की आपोआप उठून उभा राहायचो.

निजामशाहीचं ते शेवटचं वर्ष. हाली रुपया, म्हणजे निजामाचं नाणं, आता मातीमोल होणार अशी आवई उठली. ताडकळसच्या बाजारात दुकानदारांनी हाली घेणं बंद केलं. बाया मिठाविना परत जाऊ लागल्या. वरचे अधिकारी म्हणाले, पोलीस पाठवू. साहेब म्हणाले, पोलिसाच्या धाकानं दुकान उघडेल, भरवसा उघडायचा नाही. ते घरी गेले आणि एक थैली घेऊन आले. तिच्यात कलदार होते, इंग्रजी मुलखात चालणारे रुपये. मुलगी वऱ्हाडात द्यायची हे पहिल्यापासून ठरलेलं, तिथं हालीला कोण विचारतो, म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षं साठवलेले.

बाजारात त्यांनी घोंगडी अंथरली आणि सरकारी भावानं हाली घेऊन कलदार द्यायला बसले. झुंबड उडाली. थैली भराभर उतरू लागली. पण साहेब एकेकाला गाव विचारत, पाऊसपाणी विचारत, जितकं सावकाश करता येईल तितकं करत होते. एवढ्यात एका म्हातारीचा नंबर आला. साहेबांनी तिचे हाली घेऊन कलदार तिच्या हातावर ठेवले.

"हाली खरंच चालायलाय का वो, साहेब?"

"मी घ्यायलोय की, बाई."

म्हातारीने हातातल्या कलदाराकडे पाहिलं, साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कलदार परत घोंगडीवर ठेवले. "मंग माजे हाली मलाच ऱ्हाऊ द्या," म्हणाली.

मागचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. रांग विरत गेली. थोड्या वेळाने समोरच्या किराणावाल्याने मिठाचं पोतं सोडलं आणि हाली घेऊन मीठ मोजलं. माणसाच्या नुसत्या बसण्यात एवढी ताकद असते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

परतताना बैलगाडीत साहेबांनी थैली माझ्या मांडीवर ठेवली. मी हात घातला. तळाशी फक्त चार कलदार होते.

"संपले असते तर?" मी विचारलं.

"तेच इचार करायलोय," ते म्हणाले. "आन् पोरीच्या आईला काय सांगावं, त्येचा बी."

मी गाडीवानाला बैल सावकाश हाकायला सांगितलं. घर जितकं उशिरा येईल तितकं बरं, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.