डॉक्टरीणबाईंचा आहेर

माझी मेव्हणी ट्रिना ही आमच्या गोतावळ्यातली एकमेव पदवीधर. पदवी दोन वर्षांची, मेडिकल असिस्टंटची. पण त्याआधी आमच्यातल्या कोणी कॉलेजच्या आवारात गाडीसुद्धा लावली नव्हती, त्यामुळे मी तिला पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई करून टाकलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाची टर्की कापायच्या आत मर्लकाका मोजा काढून तिला पायाचं हिरवं नख दाखवायचे. ती म्हणायची, काका, मी वजन करते, रक्तदाब बघते, सुई टोचते आणि पेशंटला खोलीत नेऊन बसवते, औषध डॉक्टर देतो. काका म्हणायचे, तेच ते, आता हे बघ.

पदवीची चौकट सासूबाईंच्या घरी टीव्हीच्या वर आहे. त्यांनी तीन टीव्ही बदलले, चौकट तिथंच आहे.

ट्रिना इथल्याच, म्हणजे आमच्या ओहायोतल्या लायमा गावातल्या एका दवाखान्यात अकरा वर्षं काम करते. राहते भाड्याच्या दोन खोल्यांत. गाडीचा मागचा बंपर चिकटपट्टीनं जागेवर ठेवलेला. कोणाच्या वाढदिवसाला पाचाच्या वर नोट काढत नाही. मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, अक्कल बेताची. मी सगळ्यांना सांगायचो की बाई चिक्कू आहे, शिकलेली माणसं पैसा असाच दाबून ठेवतात. ती ऐकून हसायची.

या जूनमध्ये माझी मुलगी केल्सी बारावी झाली. रिवाजाप्रमाणे पार्टीसाठी मी गराज धुऊन काढलं, टेबलं मांडली, तिच्या फोटोचा भला मोठा केक आणला. केल्सीला मावशीसारखंच व्हायचं होतं, मावशीच्याच कॉलेजातून. सोमवारी कर्जाच्या कागदांवर सही करायची होती. कॉलेजातली एक बाई तिला रोज फोन करायची, आणि इतक्या मायेनं बोलायची की माझ्या आईनं माझ्याशी कधी तसं बोलल्याचं आठवत नाही. कर्ज किती, हे मी विचारलं नाही. बिअर हातात घेऊन मी सगळ्यांसमोर भाषण ठोकलं की पोरी, दोन वर्षं नेटानं शिक आणि मावशीसारखी हो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रिना हातातल्या केकच्या बशीकडे बघत बसली होती.

पाहुणे गेल्यावर पाकिटं फोडायचा कार्यक्रम. केल्सी एकेक पाकीट उघडणार आणि माझी बायको शेली वहीत लिहून घेणार, कोणी किती दिले ते, कारण प्रत्येकाला हातानं आभाराचं पत्र जायला हवं, नाहीतर वर्षभर नावं ठेवतात. ट्रिना पलीकडे मोरीपाशी बीन्सचं पातेलं घासत होती. सासूबाईंचे शंभर. मर्लकाकांचे वीस. मग ट्रिनाचं पाकीट निघालं. आत चेक नव्हता, घडी घातलेला कागद होता.

केल्सीनं तो दोनदा वाचला. शेली म्हणाली, "ट्रिना, अगं, चुकून तुझं कसलंतरी बिल आलंय यात."

"चुकून नाही," ट्रिना म्हणाली. "मोठ्यानं वाच, केल्सी."

केल्सीनं वाचलं. घेतलेलं कर्ज, वीस हजार डॉलर. अकरा वर्षांत फेडलेले, आठ हजार नऊशे. आज बाकी, चोवीस हजार तीनशे दहा.

मी म्हटलं, हिशेब चुकलाय, फेडल्यावर बाकी वाढेल कशी? ट्रिना म्हणाली, हप्ता झेपेनासा झाला की फोन करायचा, ते गोड बोलून हप्ता थांबवतात, व्याज मात्र थांबवत नाहीत. असं तिनं चार वेळा केलं होतं. गावातल्या प्रत्येक जुन्या पिकअपचा भाव मला तोंडपाठ आहे. मेव्हणीच्या पदवीचा भाव मी अकरा वर्षांत एकदाही विचारला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"आधी का नाही बोललीस?" शेलीनं विचारलं.

"आईच्या टीव्हीवर काय टांगलंय ते बघतेस ना? कुठल्या तोंडानं बोलू?" तिनं हात पुसले आणि केल्सीसमोर खुर्ची ओढली. "ऐक. आमचा दवाखाना आता बारावी झालेल्या मुली घेतो आणि पगार देऊन काम शिकवतो. तासाला सव्वासतरा डॉलर. शिकवायचं काम माझ्याकडे आहे. मंगळवारी आठ वाजता ये, मी बोलून ठेवलंय. पुढं नर्सिंगला जावंसं वाटलं तर जा, पण हातात पगार असताना जा."

केल्सीनं विचारलं, "आणि मावशी, तुला किती मिळतात?"

"अठरा चाळीस."

"म्हणजे एक डॉलर पंधरा सेंट जास्त?"

"हो. पदवीचे आणि अकरा वर्षांचे मिळून."

मला काहीतरी चावट बोलून वेळ मारून नेता येते, तेवढी एकच कला माझ्याकडे आहे, पण त्या वेळी तीही चालली नाही. शेली वही उघडी ठेवून बसली होती, पेन ट्रिनाच्या नावापुढे अडलेलं. शेवटी तिनं हळूच विचारलं, इथं काय लिहू, शून्य लिहिलं तर बरं दिसत नाही.

केल्सीनं तिच्या हातातून पेन घेतलं आणि मावशीच्या नावापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चोवीस हजार तीनशे दहा.